एकलीसाठी काय रांधायचे?

गेल्या उन्हाळ्यात चोपडा तालुक्यातल्या आमच्या घरी आई बिबड्यांचा (ज्वारीच्या पापडांचा) घाटा हलवत असताना पळी हातात तशीच धरून थांबली आणि मीठ घातले की नाही, हे तिने मला विचारले. मी 'घातलेस' म्हणालो, तरी दोन मिनिटांनी तिने पुन्हा मूठभर मीठ घातले. उभा जन्म अंदाजाने बिबडे करणारी बाई मिठाला चुकते, हे पाहून माझ्या काळजात धस्स झाले. तिला आम्ही ज्यांच्याकडे नेत होतो त्या डॉक्टरांनी मात्र 'आता वय झाले' एवढ्यावर विषय संपवला. आम्हीही तो संपू दिला, हे मला अजून सलते.

पुढे पायांना मुंग्या येऊ लागल्या म्हणून तिला जळगावला दाखवले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "या दिवसभरात काय काय खातात?" रोज रात्री फोनवर 'जेवलीस का?' असे विचारणाऱ्या मला याचे उत्तर देता आले नाही. खरे उत्तर असे होते: सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भाकरी आणि ठेचा, रात्री पुष्कळदा नुसता चहा आणि मुरमुरे. वडील गेल्यापासून तिने भाजी करणेच सोडले होते. मी रागावलो तर म्हणाली, "एकलीसाठे काय रांधानं, भाऊ?"

तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व १२० निघाले. साधारणपणे २०० च्या खाली गेले की कमतरता मानतात. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून मिळते, डाळी-भाज्यांतून नाही. आई माळकरी, आणि दूध पोटात जाई ते चहापुरतेच. त्यात मधुमेहासाठी ती दहा वर्षे मेटफॉर्मिन घेत होती, आणि ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते. ही कमतरता मज्जातंतूंना इजा करते आणि स्मरणावरही परिणाम करते, पण वेळेत सापडली तर इंजेक्शनांनी ती भरून काढता येते. आईला चार महिन्यांत पुष्कळ फरक पडला. प्रत्येकाच्या विसराळूपणाचे कारण हेच असते असे मी म्हणणार नाही, पण एका साध्या रक्ततपासणीने जे कळते ते 'वय' म्हणून सोडून देणे मला अक्षम्य वाटते.

मी स्वतः तिला पुण्याहून अक्रोड-बदाम पाठवत होतो. ते डबे फळीवर न उघडता पडून होते, कारण तिला ते चावत नव्हते. मेंदूसाठी म्हणून खास आखलेल्या 'माइंड' आहाराची अमेरिकेत तीन वर्षे चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले आणि तुलनेसाठी घेतलेल्या गटापेक्षा ठळक फरक दिसला नाही. याउलट फिनलंडमध्ये आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष या सगळ्यांची सांगड घातली, तेव्हा दोन वर्षांत फायदा दिसला. म्हणून एखाद्या पदार्थाच्या मागे लागण्यापेक्षा आपलेच ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, अंबाडीची किंवा मेथीची भाजी, घट्ट वरण आणि वाटीभर दही हे ताट दोन्ही वेळा भरलेले असावे, असे मला वाटते. पापड-लोणचे आणि तर्रीदार शेवभाजी मात्र रक्तदाब असलेल्यांनी बेतानेच घ्यावी. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, उतारवयात तहान कमी लागते, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून म्हातारी माणसे मुद्दाम पाणी टाळतात. तेवढ्यानेही ती भांबावतात.

आता शेजारच्या काकू दुपारी आपले ताट घेऊन आईकडे येतात आणि दोघी एकत्र जेवतात. मी फोनवर 'जेवलीस का' असे न विचारता 'भाजी कोणती केली होती' असे विचारतो.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, टाळता येण्याजोगी चौदा कारणे दिली आहेत, त्यांत एकटेपणा आहे आणि कमी ऐकू येणेही आहे. आईला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही, पण यंत्राला ती अजून तयार नाही. दिवाळीनंतर जळगावला निदान तपासणीसाठी तरी येते, असे तिने कबूल केले आहे.