टक्का वाढला, पण वाल किती मिळाले?

तुमच्या लेखात एका प्रयोगाबद्दल म्हटलंय, पाण्याचा ताण पडलेल्या घेवड्यात प्रथिनांचा टक्का वाढला. असेलही, पण टक्का फसवा असतो हो. दाणा भरताना पाणी तुटलं की पिष्ट (स्टार्च) कमी साठतं, दाणा बारीक राहतो आणि त्यात प्रथिनांचं प्रमाण जास्त दिसतं. एकरी हिशेब केला तर घटच. शिवाय कोरड्या जमिनीत मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र बांधायचं काम लवकर सोडतात.

आमच्या अलिबागेकडे भात कापलं की वाल पेरतात, ते उरलेल्या ओलीवरच. पावसाळ्यात गुडघाभर पाणी नि जानेवारीत जमिनीला भेगा! गेल्या वर्षी अर्ध्या शेतावर समुद्री शेवाळाचा अर्क फवारला. पानं जास्त दिवस हिरवी राहिली, शेंगाही बऱ्या लागल्या. दाण्यातलं लोह-जस्त वाढलं का, ते डोळ्यांना कसं कळणार? २०२१ मध्ये अशी जैव-उत्तेजकं (पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्यं) सरकारच्या खत नियंत्रण आदेशाखाली आली, तरी दुकानदार अजून टॉनिक म्हणूनच खपवतो.

आणखी एक. दाण्यातलं फायटिक आम्ल लोह अडवून धरतं. भिजवून मोड आणले की ते कमी होतं. बिरड्याला, म्हणजे वालाच्या उसळीला, आम्ही तेच करतो. मग तुम्ही सांगितलेल्या प्रयोगात दाणे कच्चे तपासले की मोड आलेले?