रद्दीत गेलेले कपाट

नागपुरातल्या आमच्या वाचनालयात दर उन्हाळ्यात जीर्ण पुस्तके बाद करण्याचा सोहळा होतो आणि कुऱ्हाड नेमकी छंदांच्या कपाटावरच कोसळते. 1852 च्या ‘सिंध डाक’ या ब्रिटिश हिंदुस्थानातल्या पहिल्या तिकिटांपासूनच्या टपाल तिकिटांची माहिती देणारे, छपाईतले आणि कडेच्या छिद्रांमधले बारीक फरक चित्रांसह दाखवणारे, बाजारात आता मिळतच नसलेले पुस्तक यंदा ‘पाच वर्षांत कुणी नेले नाही’ म्हणून रद्दीत गेले. नेणार कसे? ते संदर्भ विभागात कुलूपबंद होते आणि तिथली पुस्तके घरी देतच नाहीत! स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शिकांच्या मात्र दहा-दहा प्रती. निदान शहरातल्या दुसऱ्या एखाद्या ग्रंथालयात त्याची प्रत आहे का, एवढे तरी आधी विचारायचे होते. परवा मी तेच पुस्तक सीताबर्डीच्या पदपथावर शोधत उन्हात फिरलो.