‘पहिली तीन वर्षं दमडीही मिळत नाही’ : त्या फॉरवर्डमधलं खरं किती?

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला चार जणांनी पाठवला. त्यातले एक तर माझे सख्खे मामा, खाली हात जोडल्याची चित्रं टाकून. मजकूर थोडक्यात असा : आरोग्य विमा घेतला की पहिली तीन वर्षं कंपनी दमडीही देत नाही. तेव्हा फॉर्मवर बीपी-शुगर लिहूच नका, कारण तीन वर्षं उलटली की कायद्याने कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. नोकरी आहे तोवर ऑफिसची पॉलिसी पुरते, स्वतःची निवृत्तीनंतर बघा. आणि पॉलिसी जुनी असेल तर रक्कम हवी तेव्हा वाढवा, वेटिंग, म्हणजे क्लेम मिळण्यापूर्वी थांबायची मुदत, पुन्हा लागत नाही.

मी एका खासगी रुग्णालयाच्या विमा डेस्कवर बसते. कॅशलेसची कागदपत्रं पाठवायची, कंपनीच्या शंकांना उत्तरं द्यायची आणि मंजुरी आली नाही की नातेवाइकांची बोलणी खायची, हे माझं काम. या मेसेजमधलं फॉर्मबद्दलचं वाक्य खरं मानलेली माणसं माझ्यासमोरच येऊन बसतात, म्हणून लिहायला घेतलं.

आधी ती ‘तीन वर्षं’. वेटिंग पिरियड नावाची एकच मुदत नसते, तीन असतात आणि त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. पॉलिसी सुरू झाल्यापासून पहिले 30 दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही. अपघात मात्र याला अपवाद. आज पॉलिसी सुरू झाली आणि उद्या स्कूटरवरून पडून हात मोडला, तरी क्लेम बसतो. एकतिसाव्या दिवशी डेंग्यूने दाखल झालात, अपेंडिक्स काढावं लागलं, तरी बसतो. पावसाळ्यात आमच्या डेस्कवर सहा-आठ महिन्यांच्या पॉलिसींचे असे क्लेम रोज मंजूर होतात. त्यांचा मेसेज कुणी फिरवत नाही.

दुसरी मुदत ठरावीक आजारांची. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातले खडे, मुतखडा, गर्भाशय काढणं, गुडघेबदल अशी यादीच पॉलिसीत छापलेली असते. यांना बहुतेक ठिकाणी 24 महिने थांबावं लागतं. ही सगळी दुखणी चार-सहा महिने पुढे ढकलता येण्यासारखी. यादी नसती तर लोकांनी आधी ऑपरेशनची तारीख घेतली असती आणि मग पॉलिसी. मनुष्यस्वभाव आहे.

तिसरी मुदत आधीपासूनच्या आजारांची, आणि फॉरवर्डमधली तीन वर्षं इथून उचललेली आहेत. विमा नियामक इर्डाने 1 एप्रिल 2024 पासून ही मुदत जास्तीत जास्त 36 महिने केली. त्याआधी ती 48 होती. ही कमाल मर्यादा आहे. जादा हप्ता घेऊन ती कमी करून देणाऱ्या पॉलिसीही बाजारात आहेत. महत्त्वाचं म्हणजे ही मुदत त्या आजारापुरती आणि त्यातून उद्भवणाऱ्या दुखण्यापुरती असते, माणसाला लागू होत नाही. मधुमेह लिहून पॉलिसी घेतलेल्या बाईंना दुसऱ्या वर्षी न्यूमोनिया झाला, तर ‘तुम्ही अजून वेटिंगमध्ये आहात’ एवढ्यावर क्लेम नाकारता येत नाही.

आणि ‘आधीपासूनचा’ म्हणजे काय, याचीही व्याख्या आहे : पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यावर त्या काळात सल्ला वा उपचार घेतलेला आजार. म्हणजे पस्तिशीत धडधाकट असताना पॉलिसी घेतली आणि वर्षभराने शुगर निघाली, तर ती आधीपासूनची नव्हेच. तिला ही 36 महिन्यांची मुदत लागत नाही. ‘तरुणपणी घेऊन काय उपयोग’ म्हणणाऱ्यांना हा भाग कुणी सांगत नाही.

आता ते वाक्य, ‘बीपी-शुगर लिहू नका’. इथे जरा थांबते, कारण नुकसान इथेच होतं.

लोकांना वाटतं, कंपनीला कळणार कसं? गुप्तहेर वगैरे काही लागत नाही. रात्री दोन वाजता पेशंट छातीत दुखतंय म्हणून येतो. कॅज्युअल्टीतला डॉक्टर विचारतो, शुगर-बीपी काही? घाबरलेली बायको खरं तेच सांगते, ‘हो, पाच वर्षं झाली, गोळी चालू आहे.’ डॉक्टर केसपेपरवर लिहितो : के/सी/ओ डीएम, पाच वर्षं. के/सी/ओ म्हणजे आधीच माहीत असलेला रुग्ण, डीएम म्हणजे मधुमेह. त्याला इन्सुलिन, सलाइन, औषधं यांचा हिशेब करायचा असतो, पॉलिसीशी त्याला देणंघेणं नसतं. तो कागद मी कंपनीला पाठवते, पाठवावाच लागतो. पॉलिसी दोन वर्षांची, आजार पाच वर्षांचा. तासाभरात शंका येते : मधुमेहाचं पहिलं निदान कधीचं, जुने कागद पाठवा.

अशाच एका गृहस्थांच्या मुलाने माझ्या टेबलावर पॉलिसीची प्रत पसरली होती. मागे प्रपोजल फॉर्म, म्हणजे विमा घेताना भरायचा अर्ज, जोडलेला. प्रत्येक आजारापुढे ‘नाही’. वडिलांनी म्हणे एजंटला शुगरचं सांगितलं होतं, एजंट म्हणाला, ‘राहू द्या काका, हप्ता वाढेल.’ फॉर्म एजंटने भरला, मोबाइलवर आलेला ओटीपी मात्र काकांनीच दिला होता. क्लेम गेला आणि मागोमाग पॉलिसीही रद्द झाली. लिहिलं असतं तर हप्ता थोडा वाढला असता आणि वेटिंगचं एकच वर्ष उरलं असतं.

राहिला ‘तीन वर्षांनंतर नाकारता येत नाही’ हा कायदा. असा कायदा आहे, पण तो आयुर्विम्याचा : विमा कायदा 1938, कलम 45. आरोग्य विम्यात त्याच्या जवळपास जाणारी तरतूद म्हणजे मोरॅटोरियम. सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिली, की माहिती लपवली या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. 2024 पूर्वी हीच मुदत आठ वर्षं होती. तिलाही एक अट चिकटलेली आहे : फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण नाही. शिवाय वेटिंगच्या कलमातच एक ओळ असते, जी कुणी वाचत नाही. मुदत संपल्यावर जुना आजार कव्हर होईल, पण तो अर्ज करताना सांगितलेला आणि कंपनीने स्वीकारलेला असेल तरच. म्हणजे ज्या तीन वर्षांच्या भरवशावर लपवायचं, ती तीन वर्षं लपवलेल्या आजारासाठी मोजलीच जात नाहीत.

कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत, असं माझं म्हणणं नाही. केसपेपरवर कुणीतरी अंदाजे टाकलेल्या ‘पाच वर्षं’वरून निदान जुनं ठरवतात, कशाचाही संबंध शुगरशी जोडतात. अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून निदानाच्या नेमक्या तारखेचं पत्र घ्यावं, पहिला लॅब रिपोर्ट जोडावा. इर्डाच्या मे 2024 च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या क्लेम आढावा समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, आणि फेटाळताना पॉलिसीतलं कोणतं कलम लावलं ते कळवावं लागतं. तरीही अडलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, फी नाही, वकील लागत नाही. पण तिथेही पहिला प्रश्न हाच असतो : फॉर्मवर काय लिहिलं होतं?

ऑफिसच्या पॉलिसीबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. बहुतेक ग्रुप पॉलिसींत वेटिंग नसतं, जुने आजार पहिल्या दिवसापासून चालतात, बाळंतपणसुद्धा. म्हणूनच माणूस निर्धास्त होतो. साठाव्या वर्षी सत्काराची शाल आणि नारळ घेऊन घरी आला, की ती पॉलिसी बहुधा संपलेली असते. तोवर बीपी आलेलं, गुडघे कुरकुरू लागलेले, आणि नव्या पॉलिसीची सगळी वेटिंग पहिल्या दिवसापासून समोर. ग्रुपमधून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधीच्या वर्षांचा फायदाही मिळतो, पण कंपनी तब्येत बघून निर्णय घेऊ शकते, आणि हे नोकरी सुटायच्या आत हलवावं लागतं. एचआरमधून आपणहून कुणी सांगायला येत नाही. त्यापेक्षा चाळिशीत स्वतःची लहानशी पॉलिसी घेऊन ठेवली, तर निवृत्तीपर्यंत तिची सगळी वेटिंग कधीच सरलेली असतात.

रक्कम वाढवण्याचं म्हणाल, तर वाढीव रकमेपुरतं वेटिंग नव्याने सुरू होतं. समजा 2019 पासून 5 लाखांची पॉलिसी आहे, मधुमेह जाहीर केलेला आहे, आणि 2025 मध्ये ती 10 लाखांची केली. पुढच्या वर्षी शुगरमुळे पाय चिघळून बिल 7 लाख झालं, तर कंपनी जुन्या 5 लाखांच्या हिशेबाने बघणार. वरचे 2 लाख घरातून. दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट केलं तरी हाच नियम : सरलेली वर्षं जुन्या रकमेला लागू, नव्याला नाही.

आणि हे सगळं पॉलिसी अखंड असेल तर. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते. त्या मुदतीत भरलं तर सरलेली वर्षं टिकतात, मधल्या खंडात दाखल झालात तर त्याचे पैसे मात्र मिळत नाहीत. तीस दिवस उलटले की बहुधा सगळं पहिल्यापासून. मार्चमध्ये टॅक्सच्या गडबडीत हप्ता राहिला असं सांगणारे दर वर्षी दोन-तीन तरी येतात.

मामांना मी एवढंच विचारलं : तुमच्या पॉलिसीच्या मागे जोडलेल्या फॉर्मवर मधुमेहापुढे काय लिहिलंय? मंगळवारी निळ्या खुणा आल्या. उत्तर अजून नाही.