सहा महिन्यांचं प्लास्टर सर्टिफिकेट म्हणजे परवाना नव्हे

मुंबईतल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: सहा महिन्यांचा प्लास्टर टेक्निशियन (मोडलेल्या हाडावर प्लास्टर चढवणारा) कोर्स करा, सर्टिफिकेट हाच सरकारी परवाना. हे खरं नाही. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांबद्दलचा, म्हणजे डॉक्टरांसोबत काम करणाऱ्या तंत्रज्ञांसारख्यांचा, केंद्राचा २०२१ चा कायदा मी वाचलाय. त्यात अशा व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत मिळून किमान २००० तासांचं शिक्षण सांगितलंय. आणि नोंदणी याच कायद्याखालची राज्य परिषद करते, क्लासवाले नाहीत. एवढी अट उगाच नाही. प्लास्टर आवळून बसलं तर बोटं सुन्न पडतात, रक्तपुरवठा तुटतो, हात कायमचा अधू होऊ शकतो.

फी भरण्याआधी कोर्सच्या मान्यतेचं पत्र मागा, कर्ज काढून भरणार असाल तर नक्कीच. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.