केबल तुटणारच. जोडायला जहाज कुणाचं?

समुद्रातली केबल तुटली की आपल्याकडे दोन दिवस बातम्या चालतात. कुणी तोडली, मुद्दाम तोडली का, येमेनमधले हुथी बंडखोर होते का चिनी होते, आणि मग विषय संपतो. मला राग येतो तो याचा की खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. तुटलेली केबल जोडायला कोण जातं? कुठून निघतं? पोचायला किती दिवस लागतात? मी नेटवर्कच्या कामात आहे, रात्रपाळीला स्क्रीनसमोर बसून लिंक चालू आहे की डाऊन हे बघणं हेच पोटापाण्याचं काम, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता पेपरातला नाहीये. आणि उत्तर असंय की समुद्रातली केबल दुरुस्त करायला भारतीय झेंड्याखालचं आपलं स्वतःचं जहाज नाही. नव्या मोजणीनुसार अकरा हजार किलोमीटरचा किनारा, एवढी मोठी आयटी इंडस्ट्री, आणि केबल तुटली की आपण सिंगापूरकडे नाहीतर आखाताकडे तोंड करून बसतो.

ताजं उदाहरण घ्या. ६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशी. मुंबई-पुण्यात विसर्जन मिरवणुकांची गडबड चालू आणि तिकडे तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ केबल तुटल्या. सी-मी-वी ४ आणि आय-मी-वी, दोन्ही मुंबईला येणाऱ्या, दोन्ही पुढे इजिप्तमार्गे फ्रान्समधल्या मार्सेपर्यंत जाणाऱ्या. मायक्रोसॉफ्टने अझूर या आपल्या क्लाउड सेवेच्या ग्राहकांना कळवलं की आपल्या घड्याळात सकाळी सव्वाअकरापासून मिडल ईस्टमधून जाणारं ट्रॅफिक रखडू शकतं. भारत, पाकिस्तान, यूएई सगळीकडे तक्रारी. आमच्याकडे युरोपातल्या क्लायंटचं काम असतं, एरवी डेटाला मुंबई-लंडन जाऊन यायला साधारण १२० मिलीसेकंद, आणि केबल गेली की तेच ट्रॅफिक सिंगापूर, पॅसिफिक, अमेरिका असा अख्ख्या पृथ्वीला वळसा घालून जातं, आकडा दुपटीच्या पुढे जातो, रिमोट डेस्कटॉपवर माउस हलवला की कर्सर मागून येतो, कॉलवर दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम गप्प होतात. अशा वेळी फोनवर ओरडा खाणारी पोरं कुठल्यातरी कंपनीत सुट्टीच्या दिवशी आलेली असतात, त्यांच्या हातात काही म्हणजे काही नसतं. केबल समुद्राच्या तळाशी, दुसऱ्या देशाच्या पाण्यात, आणि क्लायंट विचारतो ईटीए काय, म्हणजे कधी चालू होणार.

मित्रांना सांगितलं तर म्हणाले आमचं तर सगळं चालू होतं, यूट्यूब बघितलं, जीपे केलं. बरोबर आहे, आणि इथेच आपली फसगत होते. यूपीआय देशातल्या देशात चालतं. यूट्यूब, नेटफ्लिक्स वगैरेंनी लोक जास्त बघतात त्या व्हिडिओंच्या कॉप्या मुंबई, चेन्नईतच ठेवलेल्या असतात, त्यामुळे मिरवणुकीचं लाइव्ह बघणाऱ्याला काही कळत नाही. फटका बसतो तो ज्याचं काम खरोखर बाहेरच्या सर्व्हरशी बोलण्याचं आहे त्याला. हिंजवडी, खराडी, ऐरोलीतली ऑफिसं, परदेशी युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर परीक्षा देणारी मुलं, लातूर-सांगलीत घरी बसून जर्मनीतल्या क्लायंटचं काम करणारा फ्रीलान्सर. मोठ्या कंपन्या चार वेगवेगळ्या मार्गांवर बँडविड्थ, म्हणजे डेटा वाहून नेण्याची क्षमता, घेऊन ठेवतात, त्यांचं निभावतं, या एकट्यादुकट्या लोकांचं निभावत नाही आणि त्यांची बातमी पण होत नाही.

जुन्या लोकांना २००८ आठवत असेल. ३० जानेवारीला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल गेल्या, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग, आणि लगेच १ फेब्रुवारीला दुबईपासून साधारण ५६ किलोमीटरवर फाल्कन नावाची तिसरी केबल तुटली. देशाची जवळपास अर्धी बँडविड्थ गेली होती तेव्हा. बीपीओवाल्यांचे हाल झाले. इंटरनेटवर नुसता कटकारस्थानांचा पाऊस. फाल्कनच्या जागी जहाज पोचलं तेव्हा तिथे काय सापडलं? पाच-सहा टनांचा एक टाकून दिलेला नांगर. बस.

आणि बहुतेक वेळा असंच असतं हो. जगात दरवर्षी दीडशे ते दोनशे वेळा समुद्रातल्या केबल बिघडतात, म्हणजे आठवड्याला तीन-चार, आणि त्यातल्या सत्तर-ऐंशी टक्के मासेमारीमुळे आणि नांगरांमुळे. शार्क चावतात ही गोष्ट लोकांना फार आवडते पण तो प्रकार आता नसल्यात जमा आहे. भूकंप, समुद्राच्या तळाला कडा ढासळणं हे होतं. घातपात पण होतात, बाल्टिक समुद्रात २०२३ पासून केबल तुटण्याचं जे चाललंय ते बघता तो धोका नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. पण तोडणारा कुणी का असेना, जोडायचं काम तेच राहतं, तेवढंच कठीण.

हे काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय मी जहाजासाठी एवढा का तळमळतोय ते कळणार नाही.

खोल समुद्रातली केबल बागेत पाणी घालायच्या पाइपाएवढी जाड असते, त्याहून जास्त नाही. आत केसासारखे काचेचे धागे, त्यांना जेलीत बुडवून एका बारीक नळीत ठेवलेलं, भोवती स्टीलच्या तारा, मग तांब्याचा थर आणि वरून प्लास्टिक. तांब्यातून हजारो व्होल्टची डीसी करंट जाते कारण दर साठ ते शंभर किलोमीटरवर एक रिपीटर बसवलेला असतो, प्रकाश क्षीण होतो तो पुन्हा जोरात करायला. किनाऱ्याजवळ मात्र हीच केबल दुहेरी स्टीलचं चिलखत घालून, शक्य तिथे तळाच्या मातीत पुरून आणतात, कारण धोका तिथेच जास्त.

तुटली की आधी लँडिंग स्टेशनवरून, म्हणजे केबल किनाऱ्यावर जिथे येते तिथून, प्रकाशाचा पल्स सोडून तो कुठून परत येतो यावरून अंतर काढतात. मग जहाज. जहाजाला आधी डेपोतून त्याच जातीची स्पेअर केबल भरून घ्यावी लागते, मग तिथवर पोचायचं, मग दोरखंडाला लोखंडी आकडे बांधून तळावरून ओढत न्यायचे, केबल आकड्यात आली की वर घ्यायची, एक टोक तरंगणाऱ्या बोयाला बांधून ठेवायचं आणि दुसरं शोधायला निघायचं. दोन्ही टोकं थेट जोडता येत नाहीत कारण पाण्याच्या खोलीमुळे ती एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून मधे नवीन तुकडा घालावा लागतो. जहाजावरच्या एका बंद, कोरड्या खोलीत एकेक धागा मशीनखाली धरून वितळवून जोडतात. वरून प्लास्टिकचं मोल्डिंग, आणि त्या मोल्डिंगचा एक्स-रे काढतात, आत हवेचा बुडबुडा राहिलाय का बघायला, कारण एवढ्या व्होल्टेजला तो बुडबुडा केबल परत घालवू शकतो. हे सगळं होईपर्यंत जहाजाने हलायचं नाही, एका जागी धरून ठेवायचं. आता आपल्या अरबी समुद्रात जून ते सप्टेंबर हे करून दाखवा. पावसाळ्यात बिघाड झाला तर थांबणंच नशिबात.

असं जहाज म्हणजे भाड्याची बोट नव्हे की फोन केला आणि आली. जगात केबलचं काम करणारी जहाजं सगळी मिळून साठच्या आसपास, त्यात पुष्कळशी नवीन केबल टाकण्यात गुंतलेली, दुरुस्तीसाठी तयार असलेली त्याहून कमी, आणि बरीचशी वयाने म्हातारी. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी केबल तुटल्या की नंबर लावावा लागतो. आपला नंबर कधी ते दुसरा कुणीतरी ठरवतो.

त्यात परवानग्या. २०२४ चं रुबिमारचं प्रकरण बघा. खत घेऊन निघालेलं मालवाहू जहाज, १८ फेब्रुवारीला हुथींचं क्षेपणास्त्र लागलं, खलाशी जहाज सोडून गेले, नांगर टाकलेला तसाच, आणि ते जहाज नांगर फरफटत वाहत राहिलं. त्यात तीन केबल गेल्या, त्यातल्या एएई-१ आणि ईआयजी तर मुंबईला येणाऱ्या. २ मार्चला जहाज बुडालं. पण केबल जोडायला महिने गेले, कारण ते येमेनचं पाणी, तिथे सरकार कुठलं, परवानगी मागायची कुणाकडे, एडनमधल्या सरकारकडे का सना ताब्यात असलेल्या हुथींकडे, आणि त्या पाण्यात जायला विमा कोण देणार. तिथे आपण काही करू शकत नव्हतो हे मान्य. पण आपल्या स्वतःच्या पाण्यात? परदेशी जहाज दुरुस्तीला यायचं तर संरक्षण, गृह, शिपिंग, कस्टम्स, सगळ्यांचे शिक्के लागतात. केबल तुटलीय, लोकांचं काम अडलंय, आणि फाइल फिरतेय. हे मला पटत नाही. ट्रायने, म्हणजे टेलिकॉमच्या नियामक संस्थेने, जून २०२३ मध्ये याच विषयावर सरकारला शिफारशी दिल्यात, परवानग्या सोप्या करा, भारतीय झेंड्याची जहाजं कशी परवडतील याचा अभ्यास करा, असं सगळं त्यात आहे. वाचण्यासारख्या आहेत. म्हणजे माहिती नाही असं कुणी म्हणू शकत नाही.

आणि आपण अंडी एका टोपलीत ठेवलीत ते वेगळंच. २०२२ च्या अखेरीला भारतात १७ आंतरराष्ट्रीय केबल येत होत्या, १४ लँडिंग स्टेशनवर, आणि ती स्टेशनं मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन, तिरुअनंतपुरम एवढ्याच गावांत. पश्चिमेकडे जाणाऱ्या बहुतेक केबल मुंबईत, त्यात वर्सोव्याच्या छोट्याशा पट्ट्यात कितीतरी एकमेकींच्या शेजारी. कोकणची एवढी किनारपट्टी आहे, रत्नागिरी आहे, खाली गोवा आहे, एकही आंतरराष्ट्रीय केबल तिथे का उतरत नाही? मुंबईतून सुटल्या की पुन्हा सगळ्या जवळजवळ एकाच वाटेने, एडनच्या आखातातून बाब-अल-मंदेबच्या चिंचोळ्या तोंडातून तांबड्या समुद्रात. १८७० मध्ये ग्रेट ईस्टर्न नावाच्या जहाजाने मुंबई ते एडन तारेची केबल टाकली होती, तीच वाट. दीडशे वर्षं झाली. नवी सी-मी-वी ६ सुद्धा तिकडूनच जाणार.

वर्सोव्याचा विषय निघालाय तर कोळ्यांबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. केबल तुटल्याची बातमी आली की मासेमारांवर बोट दाखवणं फार सोपं असतं. माझ्या ओळखीचे तिथले एक तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, आहेत, त्यांना मी विचारलं की काका, केबल कुठून जातात हे तुम्हाला सांगितलंय का कुणी? ते म्हणाले, "काम चालू असतं तेव्हा येतात, हितं जाऊ नका म्हणतात. काम झालं की कोण येतंय? जाळं अडकलं तर आम्ही ओढणारच, खाली दगड हाय का केबल हाय आम्हाला कसं दिसणार?" त्यांचं काय चुकलं?

आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. १८८४ च्या पॅरिस करारातच लिहिलंय की केबल वाचवण्यासाठी एखाद्याने आपलं जाळं किंवा नांगर सोडून दिला, आणि आधी योग्य ती काळजी घेतलेली असेल, तर त्याची भरपाई केबलच्या मालकाने द्यायची. तीच तरतूद पुढे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यात कलम ११५ म्हणून आली, आणि भारताने तो कायदा १९९५ मध्ये मान्य केलाय. म्हणजे जाळं कापून टाका, पुरावा ठेवा, पैसे मागा, हा त्यांचा हक्क आहे. कुठल्या मच्छिमार सोसायटीच्या ऑफिसात हे मराठीत लावलेलं बघितलंय तुम्ही? केबलचे मार्ग दाखवणारा नकाशा, जाळं अडकलं तर फोन करायचा नंबर, भरपाईचा अर्ज, एवढं जरी प्रत्येक कोळीवाड्यात पोचलं तरी किती बिघाड टळतील. कोट्यवधींच्या केबलची राखण समुद्रात रोज असणारी माणसं करतील, पण त्यांना आधी माणूस म्हणून विचारायला तर पाहिजे.

काहीजण लगेच म्हणतात आता सॅटेलाइट आलंय, केबलचं काय घेऊन बसलात. टोंगाचं बघा. १५ जानेवारी २०२२ ला समुद्रातल्या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि फिजीला जोडणारी त्यांची एकमेव केबल तुटली. सॅटेलाइटवर कसंबसं थोडं बोलणं सुरू झालं, पण नीट इंटरनेट आलं ते पाच आठवड्यांनी, जहाजाने येऊन केबल जोडली तेव्हाच. सुमारे नव्वद किलोमीटरचा तुकडा बदलावा लागला. लाखभर लोकांच्या देशाला सॅटेलाइट पुरत नव्हतं, आपल्याला पुरेल? खंडाखंडांमधलं पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त ट्रॅफिक आजही केबलमधूनच जातं. आणि आपल्याकडे पण आता बेटं केबलवर आलीत, अंदमान २०२० पासून, लक्षद्वीप २०२४ पासून. फार चांगलं झालं, तिथल्या मुलांना, दवाखान्यांना त्याची गरजच होती. पण त्या केबल आपल्याच आहेत, आपल्याच पाण्यात आहेत, तिथे बिघाड झाला तर जोडायला तरी आपलं जहाज हवं की नको?

परवडत नाही, वर्षभर जहाज नुसतं उभं राहील, असं सांगतात. अग्निशमन दलाचा बंब पण उभाच असतो, त्याला कुणी तोटा म्हणत नाही. दोन जहाजं, एक पश्चिम किनाऱ्याला आणि एक पूर्वेला, सोबत स्पेअर केबलचा डेपो, केबल कंपन्यांनी मिळून वर्गणी भरायची आणि कमी पडेल तेवढं सरकारने घालायचं. माझगाव डॉक, कोचीन शिपयार्ड पाणबुड्या आणि विमानवाहू नौका बांधतात, त्यांना हे जहाज जमणार नाही हे मी मानायला तयार नाही.

खरी अडचण माणसांची येईल असं मला वाटतं. हलत्या जहाजावर जॉइंट करणारे लोक एका वर्षात तयार होत नाहीत, जमिनीवर स्प्लायसिंग, म्हणजे फायबरचे धागे जोडायचं काम, करणारी आपली हजारो पोरं आहेत पण समुद्रातल्या केबलचं ट्रेनिंग वेगळं, सर्टिफिकेट वेगळं. इथे वाचणाऱ्यांत मर्चंट नेव्हीतले बरेचजण आहेत, कोकणातले तर पुष्कळ. केबल शिपवर कुणी काम केलं असेल, किंवा ओळखीत कुणी असेल, तर जरूर लिहा: भरती कशी होते, ट्रेनिंग कुठे मिळतं, आपल्या मुलांना त्यात शिरायचं तर सुरुवात कुठून करायची. मला ही माहिती एकत्र करून आमच्या गावाकडच्या आयटीआयच्या सरांना द्यायचीय, त्यांनी विचारलंय.