पहिलटकरणीची आई प्रसूतिकक्षाबाहेर का?

बाळंतपण दवाखान्यातच व्हावे, हे विदर्भातल्या बहुतेक गावांत आता पटवून द्यावे लागत नाही. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, २०११ पासून सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, औषधे, जेवण आणि ने-आण करणारी गाडी मोफत झाली, आणि आशाताईंनी घरोघर फिरून लेकीसुनांना आरोग्य केंद्रापर्यंत आणले. तिथे पोचलेल्या बाईशी आत कसे वागले जाते, याविषयी मात्र आपण फार कमी बोलतो.

यवतमाळकडच्या आमच्या भागात बाळंत झालेल्या बायका टाक्यांचे दुखणे विसरतात. पण कळा सोसवेनाशा झाल्यावर कोणी दटावले, हे लेकरू शाळेत जाऊ लागले तरी त्यांच्या ध्यानात असते. तितकीच ठळकपणे त्यांना ती सिस्टर आठवते, जिने आतून तपासण्याआधी सांगितले, कंबर चोळून दिली, घोटभर पाणी पाजले. "तिनं मले नावानं हाक मारली," असे एक शेतमजूर बाई मला किती समाधानाने सांगत होती!

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, म्हणजे आई सोबत आलेलीच असते. केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी दवाखान्यांत बाळंतिणीजवळ एका नातेवाईक स्त्रीला थांबू देण्यास मान्यता दिली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींतही सोबतीचा आणि बाईला सोयीच्या वाटेल त्या स्थितीत बाळंत होऊ देण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. तरीही अनेक ठिकाणी आई बाहेरच्या बाकावर आणि लेक आत एकटी, हे मला अजिबात मान्य नाही. आई आत आली तर शेजारच्या बाळंतिणीला संकोच वाटेल म्हणावे, तर दोन खाटांमध्ये पडदा लावला की आडोसा होतो. त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहावी लागत नाही.

सिस्टरलाच दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण रात्रपाळीला ती अनेकदा एकटी असते आणि बाळंतिणीखेरीज इतर रुग्ण व नोंदवह्याही तिच्याच गळ्यात असतात. २०१८ मध्ये केंद्राने परिचारिकांना १८ महिन्यांचे मिडवायफरीचे, म्हणजे बाळंतपण करण्याचे खास प्रशिक्षण देऊन नैसर्गिक बाळंतपणाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवण्याचे धोरण आणले. अशा प्रशिक्षित सिस्टर मेळघाट, गडचिरोलीच्या ग्रामीण रुग्णालयांत आधी यायला हव्यात आणि त्यांना इतर वॉर्डांच्या कामाला जुंपू नये. तोवर प्रत्येक केंद्राच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्ण कल्याण समितीने बाळंतीण घरी जाण्याआधी तिला एवढे तरी विचारावे आणि तिचे उत्तर बैठकीत वाचून दाखवावे: जवळ कोण होते, तपासण्याआधी सांगितले का, आणि कोणी रागावले का?