'मार्केटच्या वेळांवर एवढं काय लिहायचं?' या कमेंटला उत्तर

नमस्कार. एवढी मोठी आणि तिखट कमेंट लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्स, बाकीचे नुसता अंगठा दाखवून पुढे जातात. उत्तर कमेंटबॉक्समध्ये मावेना म्हणून वेगळं टाकतोय. ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, तुमचं म्हणणं असं की जगातल्या स्टॉक एक्सचेंजच्या वेळा गुगलवर दोन सेकंदात मिळतात, त्यावर लांबलचक पोस्ट लिहून मी एक साधं टेबलसुद्धा दिलं नाही. दुसरं, वेळांची चिंता ट्रेडर लोकांनी करावी, दहा वर्षं शेअर धरून बसणाऱ्याला काय फरक पडतो. तिसरं, जपान, चीन, हाँगकाँगमध्ये मार्केट जेवायला बंद ठेवतात हा जुनाट आळस आहे. आणि चौथं, आता अमेरिकेत २४ तास मार्केट येतंय, म्हणजे हा विषयच संपला.

टेबल मुद्दामच दिलं नाही, कारण आपल्या वेळेत मांडलेलं कुठलंही टेबल वर्षातून चार वेळा तरी चुकतं. न्यूयॉर्कचं मार्केट तिथल्या घड्याळात सकाळी ९:३० ते दुपारी ४, यात १९८५ पासून बदल नाही (त्याआधी १० ला उघडायचं). पण आपल्याकडे ते उन्हाळ्यात संध्याकाळी ७ ला सुरू होतं आणि हिवाळ्यात ८ ला, कारण त्यांचं घड्याळ पुढेमागे होतं, आपलं होत नाही. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. गंमत पुढे आहे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे लंडन आणि न्यूयॉर्कमधलं अंतर पाचाऐवजी चार तासांचं होतं. शरद ऋतूत युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे तिथेही एक आठवडा गडबड. दोन्ही मार्केटं एकाच वेळी उघडी असण्याचा काळ एरवी दोन तासांचा, तो या आठवड्यांत तीन तासांचा होतो. सिडनी तर उलट्या दिशेने चालतं, त्यांचा उन्हाळा ऑक्टोबर ते एप्रिल. टोकियो, हाँगकाँग, शांघाय, सिंगापूर घड्याळाला हातच लावत नाहीत.

आणि हे नुसतं घड्याळजींचं वेड नाही हो. ब्राझीलने २०१९ मध्ये डेलाइट सेव्हिंग (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करणं) बंद करून टाकलं, तरी साओ पाउलोच्या एक्सचेंजला अमेरिकेचं घड्याळ हललं की आपल्या वेळा हलवाव्या लागतात. आपल्या एमसीएक्सवर (कमोडिटी एक्सचेंजवर) सोनं आणि कच्चं तेल रात्री कधी ११:३० पर्यंत तर कधी ११:५५ पर्यंत चालतं ना, तेही अमेरिकेच्या घड्याळामुळेच. ज्या देशात आज घड्याळाला कुणी हात लावत नाही त्याच्या मार्केटची बंद व्हायची वेळ दुसऱ्याच देशाच्या कायद्याने ठरते, हे टेबलमधल्या कुठल्या चौकटीत लिहू सांगा.

आता दुसरा मुद्दा, जो तुम्ही सगळ्यात ठासून मांडलात आणि जो मला सगळ्यात कच्चा वाटतो. लाँग टर्मवाल्याला वेळांशी देणंघेणं नाही? २००३ साली अमेरिकेत म्युच्युअल फंडांचा मोठा घोटाळा बाहेर आला, त्याचं मूळच घड्याळात होतं. नीट सांगतो. अमेरिकन फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, न्यूयॉर्कच्या दुपारी ४ ला काढतात. फंडात जपानी शेअर असतील तर त्यांचा भाव कुठला धरायचा? टोकियोच्या क्लोजिंगचा. पण टोकियो तेव्हा तिथल्या दुपारी ३ ला बंद व्हायचं, म्हणजे न्यूयॉर्कमध्ये रात्रीचा एक किंवा दोन वाजलेला असायचा. म्हणजे ४ वाजता काढलेल्या एनएव्हीत जपानचे भाव चौदा-पंधरा तास शिळे. आता समजा दिवसभरात अमेरिकन मार्केट जोरात वर गेलं, तर उद्या टोकियोही वर उघडणार हे कुणीही सांगेल, मग हुशार माणूस काय करतो, तो चारच्या आत शिळ्या भावाच्या एनएव्हीवर युनिट घेतो, दुसऱ्या दिवशी टोकियो चढलं की विकून मोकळा. त्याचा नफा आकाशातून पडत नाही, तो त्याच फंडात शांतपणे दहा-वीस वर्षं पैसे ठेवून बसलेल्यांच्या खिशातून जातो. दर वेळी थोडा थोडा, स्टेटमेंटमध्ये दिसणारही नाही असा. म्हणजे तुम्ही ज्यांचं नाव पुढे करताय तेच.

न्यूयॉर्कचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी सप्टेंबर २००३ मध्ये कॅनरी कॅपिटल या हेज फंडावरचं (बड्या गुंतवणूकदारांच्या खासगी फंडावरचं) प्रकरण उघड केलं आणि त्या फंडाने ४ कोटी डॉलर देऊन ते मिटवलं. त्यात आणखी एक प्रकार होता, तो तर सरळ सरळ बेकायदा, ४ नंतर ऑर्डर द्यायची आणि भाव मात्र ४ चा घ्यायचा. मग एकेक करून मोठमोठ्या फंड कंपन्यांची नावं बाहेर येत गेली. परदेशी शेअर असलेले फंड शिळा भाव तसाच न धरता अंदाजाने दुरुस्त करून धरतात, त्या पद्धतीकडे सगळ्यांनी गंभीरपणे बघायला सुरुवात केली ती यानंतर. आजही परदेशी इंडेक्सचा ईटीएफ (शेअरसारखा एक्सचेंजवर मिळणारा फंड) तुम्ही आपल्या दुपारी घेता तेव्हा त्यातले शेअर जिथे लिस्टेड आहेत ते मार्केट बंद असू शकतं, आणि स्क्रीनवरचा भाव हा कुणीतरी फ्युचर्स (पुढच्या तारखेच्या सौद्यांचे भाव) बघून लावलेला अंदाज असतो. घ्या बिनधास्त, पण हे माहीत असू द्या.

जेवणाच्या सुट्टीबद्दल जास्त लिहीत नाही. टोकियो ११:३० ते १२:३० बंद, हाँगकाँग १२ ते १, शांघाय आणि शेन्झेन तर ११:३० ते १, दीड तास. आळस म्हणाल तर हाँगकाँगची सुट्टी आधी दोन तासांची होती, ती २०११ आणि २०१२ मध्ये दोन टप्प्यांत एक तासावर आणली, ब्रोकरांनी विरोध करूनसुद्धा. पण सिंगापूरचं बघा, त्यांनी २०११ मध्ये सुट्टी काढूनच टाकली, सहा वर्षं सलग मार्केट चालवून पाहिलं आणि २०१७ मध्ये परत आणली. सलग चालवल्यावर जादा धंदा धो धो आला असता तर कुणी परत आणली असती का? तेवढाच धंदा जास्त तासांत पातळ होऊन पसरतो, एवढंच होतं.

इथून तुमच्या चौथ्या मुद्द्यावर येतो. २४ तास. तुमचा समज असा दिसतो की मार्केट बंद असणं म्हणजे एक उणीव आहे, टेक्नॉलॉजी आली की ती भरून निघेल. मला ते पटत नाही. एक्सचेंजचं काम नुसतं दार उघडं ठेवणं नाही, घेणारे आणि विकणारे एकाच वेळी आणून एक भाव ठरवणं हे आहे, आणि त्यासाठी वेळ ठरवावीच लागते. दिवसात व्हॉल्यूम, म्हणजे उलाढाल, कुठे असतो ते बघा, सकाळी उघडताना आणि बंद होताना, मधली दुपार सगळीकडेच मरगळलेली. युरोपात तर दिवसाच्या उलाढालीचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त नुसत्या क्लोजिंग ऑक्शनमध्ये (सगळ्या ऑर्डर एकत्र करून बंद होतानाचा एकच भाव ठरवतात त्यात) होतो, काही मिनिटांत! कारण इंडेक्स फंडांना क्लोजिंगचाच भाव लागतो, त्यांचा हिशोब त्याच भावाने होतो. लंडन ८ ते ४:३० साडेआठ तास उघडं असतं, त्यावर २०१९ मध्ये तिथल्या बँकांच्या आणि फंड कंपन्यांच्या संघटनांनीच मागणी केली होती की ९ ते ४ करा, धंदा कमी होणार नाही, उलट एकवटेल. एक्सचेंजने शेवटी वेळा तशाच ठेवल्या, पण धंद्यातली माणसं तास कमी करा म्हणत होती हे लक्षात घ्या.

(या ऑक्शनमधली मला आवडणारी गोष्ट म्हणजे ते नक्की कुठल्या सेकंदाला संपणार हे मुद्दाम कुणालाच सांगत नाहीत. लंडनचं ४:३५ नंतरच्या ३० सेकंदांत कधीही संपतं, आपल्या एनएसईचं प्री-ओपन (मार्केट उघडण्याआधीचं तसंच ऑक्शन) ९:०७ ते ९:०८ च्या मध्ये कधीतरी. शेवटच्या क्षणी ऑर्डर टाकून किंवा काढून भाव हलवणाऱ्यांची पंचाईत करायला.)

खरोखर २४ तास चालणारं मार्केट कसं असतं ते बघायचं तर फॉरेक्स, म्हणजे चलनांचं मार्केट, आहेच. ७ ऑक्टोबर २०१६ ला लंडनमध्ये मध्यरात्र नुकतीच उलटली होती, न्यूयॉर्कवाले घरी गेलेले, आशिया जेमतेम जागा होत होता, आणि पौंड काही मिनिटांत डॉलरसमोर सुमारे ९ टक्के पडला, मग बराचसा परतही आला. तोच पौंड भर दुपारी, लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही जागे असताना एवढा पडायला भलतंच काहीतरी घडावं लागतं. मार्केट उघडं होतं, माणसं नव्हती. शेअरचंही तेच. ५ ऑगस्ट २०२४ ला जपानचा इंडेक्स निक्केई एका दिवसात १२.४ टक्के कोसळला, तेव्हा अमेरिकन शेअरचं रात्रीचं ट्रेडिंग चालवणाऱ्या ब्लू ओशन प्लॅटफॉर्मला ते ट्रेडिंग मध्येच थांबवावं लागलं, आणि तिथे ट्रेड केलेल्या कितीतरी कोरियन गुंतवणूकदारांचे सौदे नंतर रद्द झाले. ज्या रात्री खरी गरज, नेमकी त्याच रात्री दार बंद.

बरं, आता येतंय ते तरी २४ तास आहे का? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये एसईसीने (अमेरिकेच्या सेबीने म्हणा) '२४एक्स' नावाच्या एक्सचेंजला मंजुरी दिली, नावात २४, मंजुरी दिवसाला २३ तासांची आणि तीही आठवड्याचे पाच दिवस. मध्ये तासभर थांबावंच लागतं, कुठेतरी आजचा दिवस संपवून उद्याचा सुरू करावा लागतो, डिव्हिडंड, स्प्लिट, सेटलमेंट सगळं तारखेवर चालतं.

तुमचं एक म्हणणं मात्र नीट तपासण्यासारखं आहे, की बंद मार्केटमुळे गॅप पडतात (भाव कालच्यापेक्षा एकदम उडी मारून उघडतो) आणि सामान्य माणूस अडकतो. खरंय, अडकतो. एप्रिल २०२५ चं उदाहरण घ्या. ट्रम्प यांनी टॅरिफची (आयात शुल्काची) घोषणा २ तारखेला केली ती न्यूयॉर्कमध्ये दुपारी ४ नंतर, म्हणजे मार्केट बंद झाल्यावर, हा काही योगायोग नव्हे. ३ आणि ४ तारखेला अमेरिका जोरात पडली. ४ ला चीनने ३४ टक्क्यांचं उत्तर जाहीर केलं, पण त्या दिवशी छिंगमिंग या चिनी सणाची सुट्टी असल्याने हाँगकाँग आणि शांघाय बंद. मग शनिवार-रविवार. रविवारी सौदीचं मार्केट उघडलं, कारण त्यांचा आठवडा रविवार ते गुरुवार असतो, आणि ते ६.८ टक्के पडलं. सोमवारी ७ तारखेला टोकियो ७.८ टक्के खाली आणि हाँगकाँग १३.२ टक्के, १९९७ नंतरची तिथली सगळ्यात मोठी घसरण. टोकियो शुक्रवारी उघडं होतं, त्याने थोडं आधीच पचवलं होतं, हाँगकाँगला तीन दिवसांचं एकदम गिळावं लागलं. पण यातून '२४ तास असतं तर बरं झालं असतं' हे कसं निघतं? रात्री तीनला पातळ मार्केटमध्ये पॅनिकमध्ये विकणाऱ्याला ७ तारखेपेक्षा बरा भाव मिळाला असता याची काय गॅरंटी? झोपलेल्या माणसाला तर दोन्हीकडे सकाळीच कळणार.

आणि वेळा दगडावरची रेघ आहेत असंही मी कुठे म्हटलं नव्हतं. टोकियोने ५ नोव्हेंबर २०२४ पासून ३ चे ३:३० केले, त्यामागे १ ऑक्टोबर २०२० ला सिस्टिम बिघडून अख्खा दिवस मार्केट बंद राहिलं त्याचा धडा होता, पुन्हा असं झालं तर सावरायला थोडा जास्त वेळ हाताशी राहावा म्हणून. युएईने जानेवारी २०२२ पासून आठवडाच सोमवार ते शुक्रवार केला. हाँगकाँगमध्ये वादळाची मोठी सूचना आली की मार्केट बंद व्हायचं, सप्टेंबर २०२४ पासून ते चालू ठेवतात. दक्षिण कोरिया मात्र कॉलेज प्रवेश परीक्षेच्या दिवशी अजूनही मार्केट तासभर उशिरा उघडतं, मुलं वेळेवर सेंटरला पोचावीत, रस्त्यात गर्दी नको म्हणून. मला तर हा नियम फार आवडतो, तुम्ही आळस म्हणाल कदाचित.

शेवटी तुम्ही जरा उपरोधानेच विचारलंत, 'मग साहेब, अमेरिकन शेअरची ऑर्डर टाकू तरी कधी?' सरळ उत्तर देतो. उघडल्यावरची पहिली पंधरा-वीस मिनिटं सोडा, तेव्हा रात्रभराच्या बातम्यांचा हिशोब चुकता होत असतो आणि स्प्रेड (घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातलं अंतर) रुंद असतो. प्री-मार्केट, आफ्टर-मार्केटमध्ये टाकायचीच असेल तर लिमिट ऑर्डरच (आपण भाव ठरवून दिलेली) टाका, बरेच ब्रोकर तिथे मार्केट ऑर्डर घेतही नाहीत. आपल्या उन्हाळ्यात साडेसात ते नऊ ही वेळ मला बरी वाटते, लंडन अजून उघडं असतं आणि न्यूयॉर्क स्थिरावलेलं असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर न्यूयॉर्क आपल्या सातला उघडायला लागतं, पण लंडन मात्र अजून आपल्या रात्री दहापर्यंत चालतं, महिनाअखेरीला ते परत नऊवर येतं, तेव्हा अलार्म लावला असेल तर तो दोनदा बदला.